निळा ओघळ

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून आत वळलं की एक लांबट खोली लागते. कागदोपत्री तिला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला जोडखोलीच म्हणतात. जमिनीतून निघालेल्या जुन्या भांड्यांच्या खापऱ्या इथे येतात आणि नशीब थोर असेल तर पुन्हा भांडी होऊन बाहेर पडतात. खोलीत दोन लांब टेबलं, एक मोठी खिडकी, वाळूने भरलेल्या पराती आणि एक चिमणी. पराती कशाला, तर चिकटवलेला तुकडा वाळेपर्यंत वाळूत रोवून उभा ठेवायला.

चिमणी म्हणजे पाखरू नव्हे. चिमणी म्हणजे या खोलीची मुख्य बाई. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मे दोन, एक नाकावर आणि एक केसांत, आणि शोधायचा असतो तो नेहमी तिसराच. तिचे वडील आयुष्यभर याच खोलीत खापऱ्या जोडत बसले. लहानपणी शाळा सुटली की ती इथे यायची, टेबलाखाली बसून वाळूत घरं करायची. वडील तिला चिमणी म्हणत, म्हणून सगळे चिमणी म्हणत. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, बाबांच्याच खुर्चीत बसली, तरी नाव काही बदललं नाही. संचालक मॅडम तिला ताई म्हणायच्या, पण एकदा भर बैठकीत त्यांच्याही तोंडून 'चिमणीताई' निघून गेलं. कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

तर यंदा चिमणीच्या टेबलावर आला तो साक्षात रांजण.

रांजण फार मोठा नव्हता, उभ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत यायचा. पण त्याचा थाट मोठा होता. पहिल्या मजल्यावरच्या दालनात, अगदी मधोमध, स्वतंत्र काचेच्या पेटीत तो उभा असे. ज्या शहरातून तो निघाला त्या शहराचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यांची लिपी वाचता येत नाही, देव कोणते ते कळत नाही, राजा होता की नव्हता यावर विद्वानांची दोन गटांत विभागणी झालेली आहे आणि दोन्ही गट एकमेकांशी बोलत नाहीत. एवढी मोठी वस्ती, सरळ रस्ते, घराघरातून सांडपाण्याची गटारं, आणि एक दिवस सगळं ठप्प. मागे राहिल्या त्या भिंतींच्या रेघा आणि खापऱ्यांचे ढीग. त्या ढिगातून हा रांजण उभा केला होता बाबांनी.

आणि त्याच्या खांद्यावर होता तो निळा ओघळ. वरून खाली आलेली, बोटाएवढ्या रुंदीची, फिकट निळी रेघ. त्या शहराच्या दुसऱ्या कुठल्याही भांड्यावर निळा रंग नाही. त्यामुळे या एका रेघेचं कौतुक विचारू नका. कुणी म्हणालं ही नदी, कुणी म्हणालं पाऊस, कुणी म्हणालं घरातलं माणूस गेलं की पाण्याच्या भांड्यावर अशी रेघ ओढत असतील. मॅडमचं तर अख्खं एक व्याख्यान त्यावर होतं. संग्रहालयाच्या भित्तिपत्रकावर तीच रेघ, पिशव्यांवर तीच रेघ, शाळेच्या सहली आल्या की पोरं वहीत रांजण काढायची आणि खडूची निळी कांडी आधी संपवायची.

बाबांच्या दृष्टीने मात्र ती सगळी पुढची गंमत. त्यांचं म्हणणं साधं होतं. "राजा होता की नव्हता ते मला माहीत नाही. पण तिथे कुणाला तरी तहान लागायची, एवढं नक्की."

बाबा आता घरीच असत. हृदय थकलं होतं. खोलीतून स्वयंपाकघरात जायचं म्हटलं तरी मध्ये खुर्चीवर एक मुक्काम करावा लागे. डॉक्टर चिमणीला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आता जपा. दगदग नको, धक्का नको, मन शांत राहू दे." म्हणून तिने त्यांचा पलंग स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणला होता. मधलं दार सताड उघडं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, लेक परगावी शिकायला, त्यामुळे आईबाबांच्या या जुन्या घरात ही दोघंच. ती कणीक मळता मळता बाबांशी बोले आणि बाबा पडल्या पडल्या मिठाच्या अंदाजावर टीका करत.

रांजण खाली उतरवायचा ठरलं तेव्हा तिला वाटलं होतं की बाबांना वाईट वाटेल. ज्या सरसाने त्यांनी तो जोडला होता तो आता जुना होऊन सुटायला लागला होता आणि रांजण एका अंगाला कलला होता. पूर्ण सोडवून नव्याने जोडायचा, दुसरा इलाज नव्हता. म्हणजे बाबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांच्याच मुलीने मोडायचं. ती चाचरत सांगायला गेली, तर बाबाच उठून बसले.

"मग सरस वापरला कशासाठी? सुटावा म्हणूनच ना? आपण जोडलेलं उद्याच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. कोमट पाण्याचे बोळे लाव, घाई करू नकोस, आणि मला रोज सांग."

"रोज?"

"रोज. मला आता दुसरं आहे काय? मी गेलो तरी तो तिथे उभा राहणार आहे. माझ्या हातून एक गोष्ट बरी झाली, चिमणे. एवढी एक."

हे ते नेहमी म्हणत. आई असताना ती यावर लगेच टोला द्यायची. आई प्रसूतिगृहात परिचारिका होती, हजारो बाळं तिच्या हातात पहिल्यांदा रडली. ती म्हणायची, "अहो, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांची मडकी जपता, घरातल्या मडक्याकडे कधी बघितलंत का? माझ्या मडक्याला कोण काचेत ठेवणार?"

आईचं मडकं म्हणजे स्वयंपाकघरातलं पळ्यांचं मडकं. ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, त्यात पळ्या, झारे, लाकडी चमचे खोचलेले. ते फार पूर्वी एकदा फुटलं होतं आणि बाबांनीच जोडून दिलं होतं, आतून प्लास्टरचा जाड थर फासून, म्हणजे निदान पळ्यांचं वजन तरी पेलेल. आईचा त्या मडक्याच्या बाबतीत एकच कडक नियम होता. पुसायचं तर पुसा, पण जसं आहे तसंच परत ठेवायचं. त्याची एक बाजू कायम भिंतीकडे. कुणी फिरवून ठेवलं की ती काम टाकून यायची आणि सरळ करायची. का, ते विचारायची सोय नव्हती. प्रत्येक घरात असा एखादा नियम असतोच. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण चिमणी अजून मडकं तसंच ठेवत होती.

रांजण सुटायला लागला. बोळे लावायचे, थांबायचं, तुकडा हलतो का बघायचं. बाबांचं काम इतकं सरळ होतं की चिमणीला मनातून हसू येई. सुटलेल्या प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईत बारीक आकडा होता. खोदताना तुकडा कुठे सापडला त्याची ती खूण. एकेक तुकडा ती परातीत मांडत गेली. संध्याकाळी घरी गेली की बाबा विचारायचे, "आज कुठपर्यंत?" ती सांगायची, "पोट झालं." किंवा, "मान झाली." आणि बाबा डोळे मिटून मान हलवायचे, जणू तो तुकडा त्यांच्याच हातात आहे.

निळा तुकडा तिने शेवटी ठेवला होता.

तो सुटला एका दुपारी. त्याच्या चारही बाजूंना प्लास्टर भरलेलं होतं, म्हणजे शेजारच्या तुकड्यांना तो कुठेच भिडत नव्हता. हे तिला जरा विचित्र वाटलं. तिने तो उलटा केला. आत आकडा नव्हता. एखाद्या तुकड्यावरचा आकडा पुसला जातो, म्हणून तिने त्याकडे काणाडोळा केला. मग तो भिंगाखाली धरला. निळा रंग वाळताना सुरकुतला होता आणि त्या सुरकुतीत एक केस अडकलेला होता. चिमणीने भिंग आणखी खाली आणलं. तो केस नव्हता. तो ब्रशचा तंतू होता. गुळगुळीत, सरळ, पांढरा, नायलॉनचा.

चिमणीने चष्मा काढला, पुसला, लावला. केसांतला काढून तोही लावून पाहिला. तंतू नायलॉनचाच राहिला. आणि मग तिला तो निळा रंग ओळखू आला. आपल्याच माणसाचा आवाज गर्दीत ओळखू यावा तसा. तो तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीचा रंग होता. वर नंतर दोनदा पांढरा चढला, पण कडीजवळ कोपरा उडालेला आहे, तिथे अजून तोच निळा दिसतो. आईने ती खिडकी स्वतः रंगवली होती, आणि रंगवताना ओट्यावर, जमिनीवर, स्वतःच्या केसांवर, मिळेल तिथे रंग सांडला होता असं बाबा चेष्टेने सांगत.

शिपायाने चहा आणून ठेवला तो तसाच थंड झाला.

घरी गेल्यावर बाबा झोपले होते. तिने आवाज न करता मडक्यातल्या पळ्या काढल्या आणि मडकं फिरवलं. मानेशी निळा ठिपका. तिथून सुरू झालेला ओघळ दोन बोटं खाली येतो आणि थांबतो. मध्ये एक कोरा तुकडा, थोडा वेगळ्या लालीचा, चहूकडून प्लास्टरने वेढलेला. आणि त्याच्या खाली पुन्हा ओघळाची शेपटी.

म्हणजे ज्या शहराचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्या शहराचा एक तुकडा इतकी वर्षं तिच्या ओट्यावर पळ्या सांभाळत होता, आणि आईच्या मडक्याची खापरी काचेच्या पेटीत उभी राहून विद्वानांना चकवत होती.

कसं झालं ते समजायला फार डोकं लागत नव्हतं. आई फुटलेलं मडकं पिशवीत घालून जोडखोलीत घेऊन आली असणार. एकच टेबल, दोन्हीकडे लाल खापऱ्या. इथले कुंभार अजूनही त्या शहराच्याच नदीकाठची माती आणतात, आणि मडक्याच्या खांद्याचा बाक तेव्हा हाताला जसा यायचा तसाच आजही येतो. गल्लत व्हायला एवढं पुरे.

पण हे बाबांना सांगायचं कसं? चिमणी ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला रडू आलं. चूक कुणाच्याही हातून होते, त्याचं तिला काही नव्हतं. पण बाबांकडे आता शेवटी काय उरलं होतं? एक रांजण. एवढी एक बरी गोष्ट. आणि तिचीच शोभा झाली होती. लोक हसतील. वर्तमानपत्रात येईल. आणि बाबा त्या पलंगावर पडून दिवसभर छताकडे बघत तेच उगाळत राहतील. डॉक्टरांचे शब्द तिच्या कानात होते. तिने मडकं पुन्हा भिंतीकडे फिरवलं आणि पळ्या खोचल्या.

"चिमणे, निळा निघाला का?" आतून आवाज आला. जागे झाले होते.

"निघाला, बाबा."

"कसा आहे?"

"छान आहे."

बाबांचं एवढ्याने समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "छान म्हणजे कसा?" ती म्हणाली, कडा चांगल्या आहेत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आकडा कुठला होता त्याच्यावर? आठवत नाही मला." ती म्हणाली, पुसट झालाय. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. प्रत्येक वेळी ती भाजी ढवळायला धावायची, आणि भाजी बिचारी ढवळून ढवळून पिठलं होत आली होती. संग्रहालयातही तिने तो तुकडा कापसात गुंडाळून कपाटात ठेवला होता आणि मॅडम खोलीत आल्या की ती उगाचच परातीतली वाळू चाळत बसायची.

मग सुट्टीच्या सकाळी बाबा स्वतः उठले. मधल्या खुर्चीवर मुक्काम केला, दम खाल्ला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

"बस," ते म्हणाले.

चिमणी बसली.

"माझं हृदय थकलंय, डोकं नाही. तू चार दिवस माझ्याकडे बघून बोलत नाहीस. तुकडा फुटला का तुझ्या हातून?"

"नाही, बाबा."

"मग माझ्या हातून काही झालंय. आणि तू ते पोटात घालून बसलीयेस. बोल. मला न सांगता तू झुरत राहिलीस तर त्या धक्क्याने मी आधी जाईन."

चिमणी उठली. पळ्या ओट्यावर काढून ठेवल्या, मडकं फिरवलं आणि त्यांच्या मांडीवर दिलं.

"हे बघा," ती म्हणाली. "हा तुकडा आपला नाही. आणि तो निळा तुकडा रांजणाचा नाही."

बाबांनी मडकं खिडकीच्या उजेडाकडे धरलं. ठिपका पाहिला, कोरा तुकडा पाहिला, शेपटी पाहिली. अंगठा त्या कोऱ्या तुकड्यावरून फिरवला, मग पुन्हा फिरवला. चिमणीचं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे होतं. ती फोन कुठे ठेवलाय ते आठवत होती.

"आपलं मडकं आधी जोडलं," बाबा हळू म्हणाले. "ती डोक्याशी उभी होती, कामाला जायची घाई, म्हणाली कसंही जोडा पण आत्ता जोडा. मी सांगत होतो, टेबलाला हात लावू नकोस, तरी तिने सगळं आवरून ठेवलं. तिला पसारा बघवायचा नाही. रांजण नंतर घेतला, महिनाभराने. तेव्हा परातीतून निळा निघाला. आकडा नव्हता, पण तेव्हाचे संचालक साहेब असे नाचले की..."

त्यांचा अंगठा निळ्या ठिपक्यावर आला.

"चिमणे, दालन उघडलं त्या दिवशी तू किती होतीस? आईच्या कडेवर होतीस. काचेपुढे गर्दी. मी सगळ्यांना सांगत होतो, आणि ती रांजणाकडे बघतच राहिली. मग तोंडावर हात दाबून हसायला लागली. मी रागावलो. म्हटलं, काय झालं हसायला? तर म्हणाली, काही नाही हो, छान आहे, अगदी घरच्यासारखा वाटतो."

चिमणी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"तिला कळलं होतं," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी. स्वतःच्या हाताने सांडलेला रंग बाई ओळखणार नाही होय? घरी आली आणि हे मडकं भिंतीकडे फिरवून ठेवलं. आणि जन्मभर फिरवतच राहिली."

"पण बोलली का नाही?"

"मी किती खूश होतो ते तिने पाहिलं होतं." बाबांनी मडकं मांडीवर सरळ केलं. "घरी पाहुणा आला की तीच म्हणायची ना, चला, यांचा रांजण दाखवते. मी आपला फुशारून पुढे चालायचो. आणि ही मागून, सगळं माहीत असून... शिवाय गल्लत तिच्याच आवरण्याने झालेली, तेही असेल. बेरकी होती."

आणि बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चिमणी घाबरून पाठीवरून हात फिरवू लागली, तर ते हाताने तिला थांबवत म्हणाले, "असू दे, असू दे. अगं, विचारायची ना ती, माझ्या मडक्याला कोण काचेत ठेवणार? माझ्या तोंडावर विचारायची. तेव्हा ते काचेतच होतं."

मग तीही हसली आणि रडलीही. पळ्यांचा ढीग ओट्यावर आणि बापलेक दोघं डोळे पुसतायत, असं ते दृश्य होतं. आईने जे इतकी वर्षं केलं तेच आपणही चार दिवस करायला निघालो होतो, हे चिमणीच्या लक्षात आलं. फक्त आईला ते जमलं आणि तिला जमलं नाही.

"लोक हसतील, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"हसू देत. ते अख्खं शहर गेलं. त्यांचे शहाणे गेले, मूर्ख गेले, कोण कुणाला हसलं याचा पत्ता नाही. आपलं तरी कोण किती दिवस लक्षात ठेवणार आहे? पण तुकडा त्यांचा आहे. तो त्यांच्या रांजणात गेला पाहिजे." त्यांनी मडकं छातीशी धरलं होतं. "आणि हिचा हिला."

सोमवारी चिमणीने मॅडमना जोडखोलीत बोलावलं, भिंगापाशी बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी तंतू पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्या स्टुलावर मागे सरकल्या आणि भिंतीवरच्या भित्तिपत्रकाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे ताई, मी इतकी वर्षं तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर व्याख्यानं देतेय."

"हो," चिमणी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मॅडम उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. रागावल्या होत्या की लाजल्या होत्या की हसू दाबत होत्या, ते त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. "मला ती खिडकी बघायचीय," त्या म्हणाल्या.

तशा त्या घरी आल्या. कडीजवळचा उडालेला कोपरा त्यांनी बोट लावून पाहिला. मग बाबांच्या पलंगाशेजारी वेताच्या मोड्यावर बसल्या. बाबांनी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. रांजणाच्या पाटीवर खरं काय ते लिहा, एवढी एक. आणि दुसरी, हे मडकं मी सोडवणार, चिमणी नाही.

चिमणी नको नको म्हणत असताना त्यांनी मांडीवर टॉवेल घेतला, त्यावर पसरट भांडं, भांड्यात कोमट पाणी. मग मडकं हातात घेतलं. आतलं प्लास्टर भिजवून त्यांनी नखाने खरवडलं. "काय हे सारवासारव केलेलं काम," ते स्वतःलाच रागे भरले. "कामावर असं केलं असतं तर हाकलला असता." सरस मऊ झाला. कोरा तुकडा हलला, आणि एक हलकासा झटका देऊन त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो उलटा केला. प्लास्टरखाली, काळ्या शाईत, त्यांच्याच तरुण अक्षरातला आकडा.

मॅडमनी तो दोन्ही हातांत घेतला. जाताना दारात वळून म्हणाल्या, "काका, मी माझ्या व्याख्यानातून निळा रंग काढून टाकेन. पण ज्यांनी तो सांडला, त्या बाईंना नाही काढणार."

रांजणात तो तुकडा बसला तेव्हा चिमणी एकटीच होती. प्लास्टर लागलंच नाही. कड कडेला भिडली आणि कपाला बशी लागावी तसा बारीक आवाज झाला. टक. त्या शहरात कुणीतरी तो रांजण घडवला तेव्हापासूनची ती कड होती. ती फुटली, कुठल्या कुठे गेली, पळ्यांना टेकून राहिली आणि परत आली. आता रांजण साधा दिसत होता, लाल, बिनरेघेचा, कुणाच्याही घरात असावा तसा. चिमणीला तो पहिल्यांदाच पाण्याचा रांजण वाटला.

आईचा तुकडा ती मॅडमच्या परवानगीने घरी घेऊन आली. बाबा उशीला टेकून वाटच बघत होते. त्यांनी कड कडेला लावली. इथेही तोच आवाज झाला. मानेशी सुरू झालेला निळा ओघळ न थांबता खाली आला आणि शेपटीला मिळाला. केवढा मोठा ओघळ होता तो. आईने ब्रश भलताच भरून घेतला असणार.

"पुन्हा सरसच?" चिमणीने विचारलं.

"सरसच. पुन्हा कधीतरी सुटेल. तू जोडशील. मग तुझी लेक जोडेल, नाही तर देईल टाकून. कुणाला तरी सापडेल कधी. म्हणतील, यांच्याकडे निळा होता." ते हसले, आणि मग हसू ओसरलं. त्यांनी ओल्या बोटाने सांध्यावरचा जादा सरस पुसला. "मला वाटायचं, मी तो रांजण सांभाळतोय. ही मला सांभाळत होती, चिमणे. रोज, ओटा पुसताना. आणि मला पत्ता नाही."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाबांनी मडकं वाळेपर्यंत तसंच दोन्ही हातांत धरून ठेवलं. वाळूची परात घरात नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

सरस वाळल्यावर ते म्हणाले, "ठेव आता जागेवर. पळ्या घाल."

चिमणीने मडकं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. हाताला इतक्या वर्षांची सवय, तिने ते आपसूक भिंतीकडे फिरवलं.

"तसं नको," पलंगावरून बाबा म्हणाले. "आता तोंड इकडे करून ठेव. मला इथून ती दिसली पाहिजे."